डॉक्टरांचा सोमवार

माझं अक्षर चांगलं आहे हे मीच सांगणं बरं दिसत नाही, पण या गोष्टीतला सगळा घोळ त्या अक्षरानेच घातला, त्यामुळे सांगणं भाग आहे. माझे वडील नगरला शाळामास्तर होते. त्यांनी आम्हा भावंडांना दोन गोष्टी पाठीत रट्टे घालून शिकवल्या. एक, अक्षर वळणदार काढायचं. दुसरी, खोटं लिहायचं नाही. खोटं बोललेलं ते एकवेळ चालवून घेत. बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणायचे, लिहिलेलं राहतं. या शिकवणीच्या जोरावर मी ऐन दुष्काळात एका धडधाकट डॉक्टरला, म्हणजे माझ्याच नवऱ्याला, एका सकाळीत पंचक्रोशीभर मरणाच्या दारात नेऊन बसवलं.

घरात कार्य निघालं, चार माणसं जमली, की अजून कोणीतरी म्हणतंच, "मामी, ती पाटीची गोष्ट सांगा." मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. पण हसण्याच्या नादात अर्धी गोष्ट राहून जाते. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. दवाखाना तिसगावात, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मधे एक पडदा. माझी भाजी करपली की माझ्याआधी पलीकडच्या पेशंटना कळायचं. कंपाउंडर पन्नाशीचे, तिथलेच. आमच्या आधी दोन डॉक्टर त्या जागेत येऊन गेले होते आणि दोघांच्याही हाताखाली हेच होते. त्यामुळे दवाखाना आपला आहे आणि डॉक्टर बदलत असतात, असं त्यांचं साधं गणित होतं.

माझ्याकडे पट्ट्या कापायचं काम. आताच्या मुलांना हे समजावून द्यावं लागतं. औषध तेव्हा पातळ असायचं, लाल नाहीतर पांढरं, आणि बाटली ज्याची त्याने घरून आणायची. खोबरेलाची, रॉकेलची, कसलीही. त्या बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवायची. पट्टीच्या एका कडेला कात्रीने करवतीसारखे दाते पाडलेले. एक दाता म्हणजे एक डोस. वाचता येवो न येवो, दाते सगळ्यांना मोजता येतात. दुपारी झाकपाक झाली की मी पाठकोरे कागद आणि कात्री घेऊन बसायची. माझे दाते इतके एकसारखे पडत की कंपाउंडर म्हणायचे, "वैनी, तुमची पट्टी लावली की निम्मा रोग बाटली बघूनच जातो."

डॉक्टर तेव्हा भारी बोलके होते. कोणीही पेशंट आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात का?" कोणाचं पोट दुखो, कोणाच्या पायात काटा मोडो, आधी जेवणाची चौकशी. मी एकदा चिडवलं, "वाढणार आहात का ताट?" तर म्हणाले, "अगं, माणूस काय जेवला, कोणी वाढलं, का नाही जेवला, हे सांगता सांगता सगळं सांगून टाकतो. नळी नंतर लावायची." नळी म्हणजे स्टेथोस्कोप. आमच्याकडे सगळे नळीच म्हणत, मग हेही म्हणू लागले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पाऊस त्या साली गेला, पण खरा दुष्काळ आम्ही भोगला तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. आसपासची माणसं खडी फोडायच्या कामावर नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. तिथून दवाखान्यात काय काय यायचं. ठेचलेली बोटं, डोळ्यांत उडालेल्या कपच्या, धुळीचा खोकला, आणि उन्हं वाढली तशी जुलाब-उलट्यांची साथ. सकाळी पडदा सारला की बाहेर ओळ, आणि दिवेलागणीला पडदा ओढला तरी ओळ. रविवार नाही, सण नाही. बाजारच्या दिवशी तर दुप्पट.

त्या दिवसांत "जेवलात का?" हा प्रश्न फार अवघड होऊन बसला. विचारलं की माणसं खाली बघायची आणि "जेवलो की" म्हणायची. एका बाईने उलट विचारलं, "डाक्टर, रोज रोज काय ओ तेच?" त्यानंतर त्यांनी हळूहळू तो प्रश्न बंद केला. मला वाटलं, बरं झालं, वेळ वाचला. माझी अक्कल तेव्हा तेवढीच होती.

चैत्रातल्या एका दुपारी तलावाच्या कामावरून निरोप आला. एका बाईचं दोन वर्षांचं लेकरू जुलाबांनी निपचित पडलं होतं. डॉक्टरांची फटफटी सुरू होईना. चार किका मारल्या, पाच मारल्या, मग त्यांनी ती तशीच टाकली आणि बॅग आणि सलाईनची बाटली घेऊन पळत सुटले. भर उन्हात, दीड मैल. मागून कंपाउंडर छत्री उघडून. डॉक्टर पोचले, पण लेकराची शीर सापडेना, आणि सापडली तेव्हा उपयोग नव्हता.

परत चालत आले. हात धुतले. ओळीत थांबलेल्या सगळ्यांना तपासून औषधं दिली. मी त्या आठवड्यात आईला पत्र लिहिलं त्यात लिहिलं होतं, "हे फार खंबीर आहेत." अक्षर सुरेख आलं होतं.

त्यानंतर डॉक्टरांच्या कानातली नळी निघेनाशी झाली. म्हणजे छाती तपासून झाली तरी ती कानातच. पेशंट बोलतोय, हे मान हलवतायत, आणि नळीचं दुसरं टोक टेबलावर पडलेलं. मला वाटलं, घाईत राहत असेल. एक दिवस तशीच कानात घालून जेवायला बसले. मी हसले. म्हटलं, "आमटीचे ठोके ऐकताय का?" त्यांनी ती काढली आणि शांतपणे म्हणाले, "घातली की बाहेरचं जरा कमी ऐकू येतं." माझं हसू तिथेच आटपलं.

दुसरी खूण मिठाची. एकदा मी आमटीत मीठ घालायचं विसरले. हे निमूट जेवले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घातलं नाही. तरी निमूट. तिसऱ्या दिवशी मूठभर घातलं, तेही गेलं. नवऱ्याची परीक्षा घेण्याचा हा प्रकार आता आठवला की माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा खरी भीती वाटली. हा माणूस पूर्वी पोह्यांत चिमूटभर साखर कमी पडली तरी ओळखायचा.

मग एक दिवस एका म्हातारीवर ओरडले. "आजी, तुम्हाला काही झालेलं नाही. जा घरी." म्हातारी उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "जा म्हनू नये डाक्टर. ये म्हनावं." आणि गेली. हे बराच वेळ तिच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी चहा झाला, आंघोळ झाली, सदरा घातला, आणि कॉटच्या कडेवर जे बसले ते उठेनात. पडदा सहा पावलांवर. पलीकडे खोकल्यांचे आवाज.

"अहो, ताप आहे का?"

"नाही."

"पोट?"

"नाही गं."

"मग काय होतंय?"

"काही नाही होत. तेच तर. काहीच होत नाही." मग म्हणाले, "मला नाही जायचं दवाखान्यात. आज नाही आणि उद्याही नाही. तुझ्या दादाला लिही, होय म्हणून."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पुण्यात एका औषधाच्या कंपनीत होता आणि महिनाभर मागे लागला होता. कंपनीला एक डॉक्टर हवा होता, कागदपत्रं तपासायला. टेबल, खुर्ची, पंखा, रविवारची सुट्टी. पेशंट एकही नाही. बुधवारपर्यंत उत्तर पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्याचं नुकतंच पत्र आलं होतं.

इथे मला खरं लिहायला हवं. नवरा डॉक्टरकी सोडतो म्हणतोय, चांगल्या बायकोच्या पोटात गोळा यायला हवा. माझ्या डोळ्यांपुढे आला तो नळ. पुण्याच्या स्वयंपाकघरातला, पितळी, सोडला की पाणी येणारा. टँकरच्या रांगेत माझ्या हंड्याला दोन पोचे पडले होते. यांचा चहाचा कप उचलायच्या आधी मी फळीवरची पितळी भांडी उतरवायला लागले.

"आज काय सांगू बाहेर?" मी विचारलं.

"बाहेरगावी गेलेत म्हणून पाटी लाव," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आता, बाहेरगावी गेलेत हे धडधडीत खोटं. बोलायला सांगितलं असतं तर मी दहा जणांना बोलले असते. पण लिहायचं होतं. मी खडू घेतला, काळी पाटी पुसली, आणि वडिलांना स्मरून खरं ते लिहिलं :

"डॉक्टर आजारी आहेत. त्यांना पूर्ण विश्रांतीची गरज आहे. कृपया कोणीही भेटायला येऊ नये."

विश्रांतीतला 'श्रां' इतका देखणा आला होता की मी क्षणभर लांबून बघितला. मग पाटी बाहेर टांगून आत आले.

दहा मिनिटांनी कंपाउंडर पडद्याच्या आत. टोपी हातात.

"वैनी, ह्ये काय लिवलं तुमी?"

"खरं ते लिहिलं."

"आवं, भेटायला यिऊ नका म्हन्ल्यावर..." त्यांनी कॉटकडे बघून आवाज खाली आणला. "डाक्टर चालले का काय?"

"काहीतरी बोलू नका. नुसती विश्रांती हवीय त्यांना."

"मला म्हाईत हाय. भाईर कुनाला म्हाईत हाय? मी वाचून दावलं मोठ्यानं, आन एक म्हातारी रडाया लागली."

आमच्या भागात माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं, हा कायदा आहे. भांडण असलं तरी जायचं. न जाणं हा अपमान. आणि येऊ नका असं घरातलीच बाई लिहून लावते, म्हणजे आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ शेवगावच्या एसटीने तासाभरात पुढच्या गावांना गेला. दुपारी बारापर्यंत माझ्या दारात नेहमीच्या दुप्पट माणसं. फरक इतकाच की रोज ती दुखणी घेऊन यायची, आज हातात काहीतरी घेऊन आली होती.

मी पडद्यासमोर हात पसरून उभी राहिले. एका म्हातारीने माझा हात असा खाली केला, जशी फांदी बाजूला करतात. ही तीच, जा म्हणू नये म्हणणारी.

ती थेट कॉटपाशी. "जीब दावा."

डॉक्टरांनी गोंधळून जीभ दाखवली.

"परसाकडला साफ हुतंय का?"

"होतंय."

"भूक?"

"नाही."

"मंग तुमाला बी काई झालं न्हाई," म्हातारी म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "पन मी जा म्हनत न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पहिल्यांदा, कितीतरी दिवसांनी, त्यांच्या ओठाचा एक कोपरा हललेला बघितला.

मग रीघच लागली. मढीचा अंगारा आला, मोहट्याच्या देवीचं कुंकू आलं. एकाने काळ्या दोऱ्याला फुंकर मारून तो यांच्या दंडाला बांधला. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्या मोहऱ्या माझ्याच डब्यातल्या. एक बाई डोक्यावरून कळशी घेऊन लांबच्या मळ्यातून आली. म्हणाली, "आमच्या हिरीचं गोडं पानी हाय. हितलं मचूळ पानी बाधलं आसंल." त्या उन्हाळ्यात कळशीभर गोडं पाणी म्हणजे काय, ते मी सांगत नाही. मी तिला "कशाला आणलंत" म्हणाले आणि कळशी पटकन आत नेली. कोणी त्यांच्या कपाळाला हात लावी, कोणी नाडी बघे. एकाने टेबलावरची नळी उचलून "लावू का?" म्हणून विचारलं. दिवसभर हे कॉटवर आणि गाव खुर्चीवर. मी मधूनमधून खिडकीतून बाहेरची माझी पाटी बघत होते. विश्रांती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला जायच्या वेळेला, एक बाई दारात आली. काखेत घमेलं, हातात हातोडी. आत येईना. कंपाउंडर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लेकरू गेल्तं ती."

मी म्हटलं, "झोपलेत."

"उठवू नगा." तिने पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. "कामावरची सुकडी हाय. जेवत न्हाईत म्हनं."

सुकडी म्हणजे कामावर वाटायचे ते गोडसर पीठ. त्यावर पोरं जगत होती. मी म्हटलं, "अहो, तुमच्या तोंडचं कशाला?"

"माझं न्हाई. लेकराचा वाटा हाय. आजून देत्यात. नाव कमी केलं न्हाई कुनी." पुडी माझ्या हातात ठेवून ती वळली आणि पुन्हा थांबली. "माझ्या लेकरापायी लई पळाले उन्हाचं. तवाच मला वाटलं, बाधनार. ऊन बाधलंय त्यान्ला. कांदा लावा तळपायाला."

ती गेली. मी पडदा सारला तर हे उठून उभे होते. सगळं ऐकलं होतं. नळी कानात नव्हती. त्यांनी माझ्या हातातली पुडी घेतली आणि उभ्या उभ्या सगळी सुकडी खाल्ली. कोरडं पीठ, घशाला चिकटलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ठसक्यानेच आलं असं मी धरून चालले. पाणी पिऊन म्हणाले, "ती माझ्यावर चिडलेली असेल, असं मला वाटत होतं. रोज याच रस्त्याने जाते. मी वर बघायचो नाही."

"ती तर औषध सांगून गेली."

"हो. कांदा." मग कॉटवर बसून म्हणाले, "लाव."

मी कांदा किसून नवऱ्याच्या तळपायांना लावला. एम.बी.बी.एस. माणसाला. आमच्या कर्जतच्या सासूबाई बघत्या तर मूर्च्छा येऊन पडत्या.

तरीपण पुण्याचं काही बदललं नव्हतं. शनिवारी मी दादाला पत्र लिहून काढलं. "ती. दादास सा. न. वि. वि." पासून सगळं, जाड कागदावर, ओळीन् ओळ मोत्यांची. यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, "टेबलावर ठेव. सही करतो." मी भांडी पोत्यात भरत होते.

त्या दुपारी दम्याचे बाबा आले. हे एका वाडीवरचे म्हातारे शेतकरी, दर आठवड्याला औषधाला येणारे, शिटी वाजल्यासारखा श्वास. उंबऱ्याशी टेकले, श्वास जागेवर येऊ दिला आणि विचारलं, "काय हुतंय?"

तीन दिवसांत हा प्रश्न शंभर जणांनी विचारला होता, आणि यांनी प्रत्येकाला "काही नाही" म्हटलं होतं. पण बाबा उत्तराची वाट बघत बसून राहिले. त्यांना घाई करणं परवडणारच नव्हतं, एकेक वाक्याला श्वास पुरवून वापरायचा असे.

शेवटी हे म्हणाले, "उठावंसं वाटत नाही, बाबा. पेशंट समोर आला की वाटतं, याला काही विचारू नये. विचारलं की तो सांगणार. आणि मग आपल्याच्याने काही झालं नाही तर."

बाबांनी मान हलवली. "बसलाय म्हना."

"म्हणजे?"

"बैल बसतो तसं. जू मानंवर आन मधीच खाली बसतो. मारा, शेपूट पिरगाळा, उठत न्हाई."

मला राग आला. भांडी सोडून बाहेर आले. "बाबा, डॉक्टर म्हणजे बैल का?"

"न्हाई वैनी. बैल शाना आस्तो. बसायचं तवा बसतो. ह्ये महिनाभर हुबं ऱ्हाऊन बसल्यात." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "सोमवार पाळता का?"

"उपास नाही करत मी."

"उपास न्हाई ओ. बैलाचा सोमवार. आमी सोमवारी औत धरत न्हाई. रानात पेरनीजोगा वापसा आसू द्या, पेर वाया जाऊ द्या. माझ्या बापानं धरलं न्हाई, मी धरलं न्हाई. म्हादेवाचा वार हाय त्यो. तुमाला मी तीन वर्सं बघतो, सातीबी वार जुंपल्यालं."

"अहो बाबा, दुखणं काय वार बघून येतं?"

"पाऊस तरी कुठं वार बघून येतो? तरी पाळतोच का न्हाई?" बाबा खोकले. "बसल्याल्या बैलाला इकायचं आसंल तर इका. पन आधी जू तर काडून बघा. निस्तं जू काडलं आन बाजूला झालं, तरी निम्मे बैल आपल्या आपन उठत्यात."

"तुमचे बैल आता कुठे आहेत?" मी विचारलं.

"चाऱ्याच्या छावनीत. त्यान्ला सध्या सातीबी सोमवारच हायेत," बाबा म्हणाले आणि हसता हसता त्यांना पुन्हा उबळ आली. हे कॉटवरून उठले, बाबांची पाठ चोळली, आणि सवयीने त्यांची नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिले. नंतर लक्षात येऊन हात सोडला.

रविवारी बाबांनी काय केलं मला माहीत नाही. सोमवारी सकाळी दार उघडलं तर ते पायरीवर बसलेले, आडवी काठी टाकून. पाठीमागे माझी पाटी. ती वाचायला कोणाला सवड नव्हती, कारण बाबाच पाटी झाले होते. येईल त्याला सांगत, "आज सोमवार. डाक्टरचं जू सोडलंय." एकाची दाढ सुजली होती. बाबा म्हणाले, "दाढ उद्याबी ऱ्हाईल तोंडात. लवंग धर." बाळंतीण आणि सापाचं, एवढ्यांना वाट मोकळी होती. दुपारपर्यंत ना बाळंतीण आली ना साप. माणसं आपली सोमवार म्हटल्यावर मान डोलवून परत जात. विश्रांती हा माझा सुंदर शब्द कोणालाच कळला नव्हता, सोमवार सगळ्यांना कळला.

आत यांना सुचेना काय करावं. न्हाव्याला बोलावून केस कापून घेतले. स्टोव्हची पिन बदलली. दोन तास गाढ झोपले. उठल्यावर म्हणाले, "दे ती कात्री. आज पट्ट्या मी कापतो." मी कात्री आणि कागदांचा गठ्ठा दिला आणि उरलेली भांडी भरायला गेले. मागून कात्रीचा कचकच आवाज आणि बाबांशी चाललेल्या गप्पा. मला वाटलं, बरं झालं, पुण्याला जायच्या आधी चार दिवस तरी माणसात आले.

मंगळवारी पडदा सारून हे दवाखान्यात गेले. हसत बिसत नव्हते, पण गेले. मी टेबलावर दादाचं पत्र शोधायला लागले. त्या दिवशी टपालात पडायलाच हवं होतं. टेबलावर नाही, फळीवर नाही, कॉटखाली नाही. कंपाउंडरना विचारावं म्हणून पडद्याशी गेले तर ते बाबांची बाटली भरून तिला पट्टी चिकटवत होते. वेडेवाकडे दाते, एक बारीक, एक हा मोठा. अशी पट्टी माझ्या हातून मेले तरी झाली नसती. पण त्यावरचं अक्षर माझं होतं. जाड कागद, मोत्यांची ओळ, आडवी धरून वाचली तर, "यांना पुण्याची जागा पसंत आहे व".

'व' च्या पुढे डोस संपला होता.

मी पडदा धरून उभी राहिले. नळ डोळ्यांपुढून गेला तो गेलाच. थोडं रडू आलं, नाही कशाला म्हणू. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि गुन्हा कबूल असल्यासारखी मान खाली घातली. बाबांनी बाटली उजेडात धरली.

"ह्येच्यावर काय लिवलंय, डाक्टर? आजवर लिवल्याली पट्टी कदी न्हाई दिली."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवसातून तीनदा घ्या, जेवणानंतर, असं लिहिलंय." मग नळी कानातून काढून गळ्यात टाकली आणि विचारलं, "जेवलात का, बाबा?"

"रेशनवरच्या लाल मिलो जवारीची भाकर खाल्ली. ती जेवनात धरता का?"

तेव्हा मी आत आले आणि पोत्यातली भांडी काढून पुन्हा फळीवर मांडायला घेतली. दादाला तारेने नकार कळवला. तारेत अक्षराचा प्रश्न येत नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. त्या उन्हाळ्यात अजून दोनदा नळी कानात राहिली, आणि एकदा आमटीचं मीठ मी पुन्हा तपासून बघितलं. पण दर सोमवारी पायरीवर काठी आडवी पडायची. बाबा गेल्यावर कंपाउंडर बसू लागले, त्यांच्यानंतर कोणाला बसावंच लागलं नाही. आम्ही त्या गावात पुढे पुष्कळ वर्षं होतो.

लिहिलेलं राहतं, असं वडील म्हणायचे. राहिलं की. खोकल्याच्या बाटलीला चिकटून एका वाडीवर गेलं, आणि बाबांनी ती बाटली पुढच्या मंगळवारी पुन्हा भरायला आणली तेव्हा माझं पुणं औषधाच्या ओघळांनी लाल झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "नवी पट्टी लाव." मी लावली. एकसारख्या दात्यांची, कोऱ्या कागदाची.